संस्थेच्या कामाला इशारा पातळी आणि धोका पातळी कशी लावायची

पावसाळ्यात कोल्हापुरात कुणालाही विचारा, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी कितीवर आहे, लगेच उत्तर येतं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे शाळकरी पोरांना पण पाठ असतं. आणि पाणी इशाऱ्याकडं सरकायला लागलं की चिखली-आंबेवाडी ह्या नदीकाठच्या गावांची माणसं जनावरं कुठं हलवायची हे बघायला लागतात, कुणी बैठक बोलवत बसत नाही. आता एखाद्या सामाजिक संस्थेच्या विश्वस्तांना विचारा, यंदा काम कसं चाललंय. छान चाललंय, शिबिरं झाली, दप्तरं वाटली, फोटो आहेत. पण पाणी कितीवर आहे? ते सांगता येत नाही. ते सांगता यावं म्हणून काय करायचं, ते इथं क्रमानं लिहितोय. मोठा कन्सल्टंट लागत नाही, एक रजिस्टर, एक एक्सेल शीट आणि महिन्यातून एकदा नीट बसायची तयारी एवढं पुरतं.

सगळ्यात आधी एक वाक्य लिहा. संस्थेच्या घटनेतले उद्देश इथं नकोत, कारण नोंदणी करताना शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, महिला सबलीकरण सगळंच टाकलेलं असतं आणि त्यातनं दिशा मिळत नाही. वाक्यात तीन गोष्टी हव्यात: कोणासाठी, कुठं, आणि त्यांच्यात काय बदलणार. समजा तुमची संस्था ऊसतोड मजुरांच्या मुलांसोबत काम करते. मग वाक्य असं होईल: "आमच्या पाच गावांत हंगामाला येणाऱ्या टोळ्यांमधली 6 ते 14 वयाची मुलं परत जाताना मराठीतली साधी गोष्ट वाचतील आणि गावाकडच्या शाळेत त्यांचं नाव टिकून राहील." बास. ह्यात न बसणारं जे काही चाललंय त्याची यादी करा आणि त्यातलं यंदा काय बंद करायचं ते ठरवा. ही पायरी सगळ्यात जड जाते, कारण प्रत्येक उपक्रमामागं कुणीतरी जीव लावलेला माणूस असतो. पण चार पगारी कार्यकर्ते आणि अकरा उपक्रम असतील तर एकही धड होत नाही हे सरळ बोलून घेतलेलं बरं.

मग कागदावर तीन रकाने पाडा. काय घातलं (पैसा, माणसं, वेळ), काय केलं (किती वर्ग, किती भेटी), आणि काय बदललं. बहुतेक अहवाल दुसऱ्या रकान्यातच संपतात. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला होता. म्हणजे शाळा काढून काम झालं असं न मानता पोरगं प्रत्यक्ष शाळेत येतंय का ह्यावर नजर होती. तिसरा रकाना म्हणजे हेच.

आता आकडे. पाचाच्या वर जाऊ नका. ऊसतोड मुलांच्या कामात मी हे पाच घेईन: रोजची हजेरी, वाचनाची पातळी, गावाकडच्या शाळेत टिकलेली नावं, एका मुलामागं हंगामाचा खर्च, आणि बँकेत किती महिन्यांचे पगार शिल्लक आहेत.

वाचन मोजायला नवीन काही शोधू नका. प्रथम संस्थेची असर चाचणी आहे, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्या असतात, मुलासमोर बसून एकेकट्यानं घ्यायची, थोड्या मिनिटांत होते. मूल आलं की पहिल्या आठवड्यातच घ्या, नाहीतर कुठून सुरुवात झाली तेच कळत नाही आणि पुढचा आकडा वाया जातो. शेवटची चाचणी त्याच सेंटरच्या, म्हणजे तिथं वर्ग घेणाऱ्या, ताईंनी घेऊ नये, शेजारच्या गावच्या ताईंनी घ्यावी. ताईंवर अविश्वास म्हणून नाही, आपल्या पोराला कुणीही थोडं सांभाळूनच घेतं म्हणून. आणि ह्या आकड्यावर कुणाचा पगार किंवा इन्क्रिमेंट लावू नका, ज्या दिवशी लावाल त्या दिवसापासून सगळी मुलं गोष्ट वाचायला लागतील, फक्त कागदावर.

इथं एक अडचण आहे जी ऑफिसात बसून लक्षात येत नाही. टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि गळीत हंगाम आटोपला की फेब्रुवारी-मार्चमध्ये निघून जातात. आपलं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, देणगीदार अहवाल मार्च-एप्रिलमध्ये मागतो, आणि तोवर कोप्या (मजुरांच्या झोपड्या) मोडलेल्या असतात, मूल बीडला आपल्या गावी पोचलेलं असतं. म्हणून संस्थेचं वर्ष हंगामाप्रमाणं आखा. शेवटची चाचणी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच, कारखान्याचं गाळप कधी संपतंय ते टोळी आणणाऱ्या मुकादमाकडनं आधी काढून घ्या.

आता मुख्य काम, प्रत्येक आकड्याला इशारा पातळी आणि धोका पातळी लावायची, आणि पातळी ओलांडली की कुणी काय करायचं ते आधीच लिहून ठेवायचं. उदाहरणार्थ हजेरी. आठवड्याची सरासरी 75 टक्क्यांच्या खाली आली की इशारा: सेंटरची ताई दोन दिवसांत कोप्यांवर जाऊन येणार आणि कारण रजिस्टरात लिहिणार. 50 च्या खाली गेली की धोका: समन्वयक स्वतः जाणार, वर्गाची वेळ किंवा जागा बदलायचा अधिकार त्यांच्याकडंच, विश्वस्तांच्या मंजुरीची वाट बघायची नाही. कारणं लिहिली की चित्र साफ दिसतं. आई-बाप पहाटेच फडात जातात आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत कोपीवर राहते. तिला कितीही समजावलं तरी ती येणार नाही. धाकट्याला पण वर्गात बसू दिलं, त्याच्यासाठी एक चटई आणि एक मदतनीस ठेवली, तर ती येते. अजून पुस्तकं वाटून हा प्रश्न सुटला नसता.

पैशाच्या आकड्यांना पण पातळ्या लावा. पगाराची शिल्लक सहा महिन्यांच्या खाली म्हणजे इशारा, तीनच्या खाली धोका. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांचा सीएसआर (नफ्यातला समाजकामासाठी द्यायचा वाटा) मिळत असेल तर चांगलंच आहे, पण तो बऱ्याचदा एकेका वर्षापुरता असतो आणि 2013 च्या कायद्याप्रमाणं 2 टक्के हे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यावर निघतात, म्हणजे कारखानदारीत मंदी आली की तुमच्याकडं ती थोडी उशिरा पोचते. निम्म्याहून जास्त पैसा एकाच ठिकाणाहून येत असेल तर तो पण इशाराच समजा.

सरकारी तारखांचं वेगळं शीट करा, एका माणसाकडं द्या. मिळालेल्या देणग्यांचं आयकर खात्याला द्यायचं विवरणपत्र (10बीडी) 31 मे पर्यंत, विश्वस्त बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ऑडिट, 80जी (देणगीदाराला मिळणारी करसवलत) चं नूतनीकरण, सीएसआर-1 (सीएसआरचा पैसा घ्यायला लागणारा फॉर्म) ची नोंदणी. ह्यात स्ट्रॅटेजी काही नाही पण एक तारीख चुकली की बाकीचं सगळं अडकतं.

महिन्याची बैठक दीड तासाची. आधी पाच आकडे, मग फक्त ज्यांनी पातळी ओलांडली त्यांच्यावर बोलणं, जे ठीक आहे त्यावर वेळ घालवायचा नाही. सेंटरच्या ताईंना बैठकीत बसवा, त्यांनी भरलेल्या रजिस्टराचं पुढं काय झालं हे त्यांना दिसलं तरच त्या पुढच्या महिन्यात मनापासून भरतील.

राहिला तो तिसरा आकडा, गावाकडच्या शाळेतलं नाव. तो जून-जुलैमध्येच कळतो आणि मिळवायला सगळ्यात जास्त फोन करावे लागतात. त्यासाठी मूल पहिल्यांदा वर्गात येतं त्याच दिवशी रजिस्टरात गावाचं नाव, शाळेचं नाव, आणि पालकांचा आणि गावी राहणाऱ्या आजी-आजोबांचा पण मोबाइल नंबर त्यांना विचारून लिहून घ्या, कारण टोळीतल्या माणसांचे नंबर हंगामागणिक बदलतात, आजीचा सहसा बदलत नाही.