लेकरू पडलं आणि रडायचं थांबलं, तरी या चुका टाळा

मी सोलापुरात लहान मुलांच्या दवाखान्यात अठरा वर्षं सिस्टर आहे. मे महिना आला, पोरांना सुट्ट्या लागल्या की आमच्याकडं पडलेल्या लेकरांची रांग लागते. कुणी गच्चीच्या जिन्यावरून, कुणी दिवाणावरून, कुणी गाडीवर पुढं उभं केलेलं आणि ब्रेक मारला तसं हँडलवर आपटलेलं. बहुतेक जणं टेंगूळ घेऊन हसत घरी जातात. पण जी जात नाहीत त्यांच्या आईबापांच्या तोंडून दरवर्षी तीच वाक्यं ऐकते आणि आता ऐकवत नाही, म्हणून लिहायला बसले.

रडायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं धरणं

आपल्याकडं पाण्याचा दिवस म्हणजे काय असतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. चार-पाच दिवसांनी नळ येतो, आई बॅरल, घागरी, टाकी भरण्यात, जिन्यात सगळीकडं पाणी सांडलेलं, आणि खाली शहाबादी फरशी. अशाच एका दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सहा वर्षांचा एक मुलगा सात-आठ पायऱ्या गडगडत खाली आला आणि कानाच्या वरच्या बाजूला पायरीची कड लागली. रडला, आईनं पदरानं तोंड पुसलं, आजीनं फरशीला दोन चापट्या मारल्या, दहा मिनिटांत पोरगं परत खेळायला. दुपारी एकला उलटी झाली तर घरचे म्हणले सकाळी आमरस जास्त खाल्ला. तीनला परत झाली तर म्हणले ऊन लागलंय, मेडिकलमधनं उलटीचं सिरप आणून पाजलं. उलटी थांबली, पोरगं झोपलं, सगळ्यांना हायसं वाटलं. पाचला उठवायला गेले तर नीट उठेना, आणि उठलं तेव्हा आईलाच "मावशी" म्हणालं. तेव्हा कुठं गाडी निघाली. आमच्या दारात आले तेव्हासुद्धा काकाचं पहिलं वाक्य हेच, "काय नाय हो सिस्टर, दुपारपर्यंत मस्त खेळलालता की."

सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या आतल्या बाजूला रक्त साठलेलं निघालं. त्याच रात्री ऑपरेशन झालं. पोरगं वाचलं, आज शाळेत जातंय, पण अजून तासभर उशीर झाला असता तर काय झालं असतं याचा विचार करायला मला आवडत नाही.

कानाच्या वर कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला लागूनच आत रक्तवाहिनी जाते. ती फुटली की रक्त सावकाश साठतं, म्हणून मधले काही तास लेकरू अगदी नॉर्मल दिसू शकतं. पडल्या पडल्या लगेच रडणं ही चांगली खूणच आहे, पण ती फक्त त्या मिनिटाची खूण आहे, पुढच्या तासांची नाही. आणि उलटीचं औषध घरी देऊच नका. ती उलटीच आपल्याला काहीतरी सांगत असते.

माझी स्वतःची सवय सांगते. घरात कुणी पोर डोक्यावर पडलं की मी कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलनं लिहिते, "4.20, दिवाण, मागून लागलं, लगेच रडली." नंतर उलटी झाली तर तीही वेळ. दवाखान्यात "साधारण दुपारी कधीतरी" असं सांगणारे आईबाप बघितले की जीव तुटतो, कारण डॉक्टर लेकराला किती तास नजरेखाली ठेवायचं ते पडल्याच्या वेळेपासून मोजतात.

मग 24 तास लक्ष, जमलं तर 48. या काळात एक क्षण जरी शुद्ध हरपली, दोनदा-तीनदा उलट्या झाल्या, झटका आला, कानातून नाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही आलं, डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, चालताना झोक जायला लागला, डोकं दुखतंय म्हणून रडणं वाढतच गेलं, नाहीतर लेकरू "आपल्यासारखं वागेना", तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. आईला ते शेवटचं बरोबर कळतं. घरातल्या मोठ्यांनी "तू उगाच घाबरतेस" म्हणून तिला गप्प बसवू नये.

उंचीचं म्हणाल तर दोन वर्षांच्या आतलं मूल 3 फुटांच्या वरून, त्याहून मोठं मूल 5 फुटांच्या वरून पडलं तर वरून काही दिसत नसलं तरी दाखवायचं. एक वर्षाच्या आतलं बाळ डोक्यावर पडलं तर मी उंची मोजतच नाही, सरळ दवाखाना. कपाळावरचं टेंगूळ भीती घालतं पण बऱ्याचदा साधं असतं. डोक्याच्या बाजूला किंवा मागं मऊ, पिलपिलीत सूज लागली तर ती जास्त वाईट. तान्ह्याची टाळू फुगलेली दिसली तर थांबायचंच नाही.

चोळणं आणि हाड बसवून घेणं

यावर माझा आवाज चढतो, माफ करा. पाचेक वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावातून सात वर्षांची मुलगी आली होती. पेरूच्या झाडावरून हातावर पडली, कोपर सुजलं. घरच्यांनी आधी तेल लावून चोळलं, मग हाड बसवणाऱ्याकडं नेलं, त्यानं कामट्या लावून कापडानं आवळून बांधलं. पोरगी दोन रात्री रडत होती आणि सगळे म्हणत होते की हाड जुळताना दुखतंच. तिसऱ्या दिवशी आमच्याकडं पट्टी सोडली तेव्हा बोटं गार, काळपट निळी, आणि सरळ करायला गेलं की किंचाळायची. कोपराच्या वरचं हाड मोडलं होतं, आतली रक्तवाहिनी दबली होती, वरून पट्टीनं उरलंसुरलं रक्त अडवलं. पुढं ऑपरेशनं झाली तरी ती बोटं पूर्ण सरळ झाली नाहीत. उजवा हात होता.

म्हणून हात किंवा पाय सुजला, वाकडा दिसला, लेकरू हातच लावू देईना किंवा पाय टेकेना, तर तेल नाही, चोळणं नाही, ओढणं नाही. वहीचा जाड पुठ्ठा नाहीतर वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी खाली धरून आपला सोलापुरी टॉवेल किंवा ओढणी सैलसर बांधा, आहे त्याच अवस्थेत. मग नख दाबून सोडा, दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला पाहिजे. दोन्ही हातांची बोटं शेजारी धरून बघा, एक हात गार किंवा पांढरा वाटला तर धावायचं. आणि वाटेत काही खाऊपिऊ घालू नका, बिस्कीट पण नाही, कारण भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. आमच्याकडं वडापाव खाऊन आलेल्या पोरांचं ऑपरेशन तासनतास लांबतं.

दोन-तीन वर्षांचं पोर साधं घसरून पडलं आणि दुसऱ्या दिवशीही लंगडत असलं तरी दाखवा. त्या वयात नडगीला बारीक चीर जाते, कधीकधी पहिल्या एक्स-रेत दिसतही नाही.

बाकीच्या चुका, पटापट

झोपूच द्यायचं नाही हा जुना समज सोडा. झोपेची वेळ असेल तर झोपू द्या, फक्त रात्री दोन-तीन तासांनी हलवून बघा. कुरकुर करून तुमचा हात झटकला तर ठीक, उठेचना तर निघा.

झटका आला तर कांदा, चप्पल हुंगवायची नाही आणि तोंडात चमचा घालायचा नाही. कुशीवर वळवा, वेळ बघा.

बर्फ थेट लावू नका, रुमालात गुंडाळून दहा मिनिटं. दुखण्याला वजनाप्रमाणं पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन लेकरांना नाही म्हणजे नाही.

सायकलचं हँडल पोटात घुसलं असेल तर वरच्या छोट्या वळाकडं बघून फसू नका. आत लिव्हरला, प्लीहेला मार बसलेला असू शकतो आणि पोटदुखी काही तासांनी सुरू होते.

पक्का दात मुळासकट पडला तर वरच्या पांढऱ्या भागाला धरून दुधात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत डेंटिस्टकडं. दुधाचा दात परत बसवत नाहीत.

दुसऱ्या टोकाचे पण असतात. दिवाणावरून पडून हसत असलेल्या पोराला घेऊन येतात आणि आल्या आल्या म्हणतात, सीटी काढा, पैशाचं टेन्शन घेऊ नका. सीटीचं रेडिएशन लेकरांच्या मेंदूला फुकट द्यायचं नसतं. डॉक्टर चार-सहा तास बसवून ठेवतात ते वेळकाढूपणा म्हणून नाही, ती तपासणीच आहे. एवढा धीर धरा.

आणि पडल्याबद्दल धपाटा घालू नका. मार बसेल म्हणून पोरं पडलेलं लपवतात, थोरली बहीण लपवते, सांभाळणारी मावशी लपवते, आणि आम्ही उलटीचं कारण शोधत बसतो.

मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल, हातपाय हलवेना, शुद्धीत नसेल, तर उचलून गाडीवर दोघांच्या मधे बसवून आणू नका. हलवू नका, 108 ला फोन लावा. आपल्या सिव्हिलला रात्री-अपरात्री कॅज्युअल्टी उघडी असते, सकाळच्या ओपीडीची वाट बघायची गरज नाही.