चिमटीने वाटी घडवताना
विदर्भातील कपाशीची काळी माती वाळताना फार आकसते आणि तडकते, त्यामुळे नवशिक्याने पहिल्या वाटीसाठी ती एकटी वापरू नये. तलावातला गाळ चाळून, त्यात थोडी बारीक रेती मिसळून तो कणकेसारखा मळून घ्यावा. लहान संत्र्याएवढ्या गोळ्यात अंगठा रुतवताना तळाशी सुमारे ८ मिलिमीटर जाडी राखावी आणि गोळा फिरवत चिमटीने खालून वर भिंत उचलत न्यावी. काठ मात्र शेवटीच पातळ करावा, कारण घाईने पातळ केलेला काठ आधी वाळून फाटतो. वारंवार पाण्याचा हात लावण्याचा मोह आवरावा, भिंत बहुधा त्यानेच बसते. आपल्याकडच्या वैशाखी उन्हात तर वाटी ठेवूच नये. ती ओलसर फडक्याखाली, सावलीत सावकाश वाळू द्यावी.