काळ्या दगडाच्या भिंतीत दरजा भरणार असाल तर

दरजा म्हणजे दगडांमधले सांधे. चुना विरवणं (पाण्यात फोडणं), वाळू चाळणं, ओळंबा लावणं तुम्हाला येतं असं धरून चालतो. जुन्या वाड्याच्या किंवा गढीच्या दुरुस्तीत नवखा फसतो तो दुसरीकडेच.

सिमेंटने दरजा भरल्या की दगडाचे पापुद्रे सुटतात, असं शिकवलेलं असतं. वालुकाश्माच्या बाबतीत ते खरं. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, सहसा तसा सोलत नाही, त्यामुळे सिमेंट भरलेली भिंत वर्षानुवर्षं ठणठणीत दिसते आणि आपण गाफील राहतो. पण दगड इतका घट्ट, की भिंतीतला ओलावा बाहेर पडतो तो जवळजवळ सगळा दरजांतून. ती वाट बुजली की माथ्यावरून शिरलेलं पावसाचं पाणी दोन्ही तोंडांच्या दगडांमधल्या भरावात साठतं. चुना-माती धुपते, भराव खाली बसतो, भिंतीला पोट येतं. डोळ्यांना पोट दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून आधी हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. बद्द आवाज येईल तिथे आत पोकळ आहे, खडूची खूण करा. माथ्यावरचं पिंपळाचं मूळ आणि फुटलेला कोबा (चुन्याचा गिलावा) तसाच ठेवून खाली दरजा भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

जुनं सिमेंट छिन्नीनेच काढा. ग्राइंडरने वेळ वाचतो हे कंत्राटदाराचं गणित. चाक दगडाची कोर खातं. कोर तुटू लागली तर तो सांधा सोडून द्या. दरज रुंदीच्या दुप्पट, किमान 25 मिमी खोल हवी. धुऊन ओली ठेवा, एका थरात 20 मिमीपेक्षा जास्त भरू नका, रुंद दरजेत बेसॉल्टच्या कपच्या दाबा. मुरलेला चुना 1, वाळू 3. ओल असेल तिथे थोड्या वाळूऐवजी सुरखी, म्हणजे विटेची भुकटी. सुरखीला जास्त भाजलेली काळपट वीट नको, ती चुन्याशी धरत नाही. चुन्यात घालायच्या गूळ-हिरड्याच्या पाककृती सांगणारे गुरू खूप भेटतील. त्याआधी वाळू धुतली का, ते विचारा.

नंतर किमान सात दिवस ओलं गोणपाट. उन्हात भराभर वाळलेला चुना नखाने खरवडला तरी भुकटी होतो. कळीचा चुना विरवताना गॉगल नसेल तर जवळही जाऊ नका, डोळे जातात.

सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या हेमाडपंती देवळाला मात्र हात लावू नका. तिथे दगड चुन्याविनाच बसवलेत.

पहिला मीटरभर पट्टा नमुना म्हणून आडबाजूला करा. बिघडला तर घाबरायचं कारण नाही, चुना खरवडून पुन्हा भरता येतो. महिन्याभराने एक तुकडा फोडून ताज्या तोंडावर फिनॉल्फ्थॅलीन (कच्च्या चुन्यावर रंग बदलणारं रसायन) टाका: गुलाबी झाला तर आत चुना अजून कच्चा आहे.