मुडदुशीसाठी खाडीतलाच किडा
मुडदुशी ही मासळी चिखलवाळूतले किडे टिपून खाते, म्हणून खाडीत गळ टाकताना आमिषही तिथलंच घ्या. परसातलं गांडूळ खाऱ्या पाण्यात लवकर मरतं, मग वळवळ संपते.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी सगळ्यात खाली जाते आणि कोकण किनाऱ्यावर ती साधारण सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. सकाळची बरी, ऊन नसतं. वाळूमिश्रित चिखलात बारीक भोकं किंवा वाळूच्या वेटोळ्यांची ढिगुली दिसली की तिथे खणा. भोकाच्या अगदी वर घाव घालू नका, किडा तुटतो. वीतभर बाजूने माती उलटा आणि हाताने फोडा. काही मोठे किडे चावतात, तेव्हा डोक्यामागे धरा. निवडताना अखंड, चपळ तेवढेच घ्या. तुटलेला एक जरी डब्यात राहिला तरी बाकीचे नासतात. डब्यात खाडीच्या पाण्याने ओलावलेली वाळू किंवा शेवाळ घाला. गोडं पाणी अजिबात नको.

खड्डे बुजवा आणि कांदळवनाच्या मुळांजवळ कुदळ लावूच नका. माशांची पिल्लं तिथेच वाढतात. बारीक गळावर किडा तोंडाकडून ओवून शेपटी थोडी मोकळी सोडा.