विकिपीडियावरचा लेख वाचून झाला की ‘चर्चा’ही उघडा

दरवर्षी १२ जानेवारी जवळ आली की सोलापुरातल्या ग्रुपवर चार हुतात्म्यांचे फोटो आणि माहिती फिरू लागते. १९३० चा मार्शल लॉ, १९३१ ची फाशी; विषय आपल्या काळजाचा, म्हणून हात पटकन फॉरवर्डकडे जातो. त्याआधी पाच मिनिटं काढा. मराठी विकिपीडियावर त्या विषयाचा लेख उघडा आणि वर ‘चर्चा’ व ‘इतिहास पहा’ असे दोन दुवे आहेत, तिथे जा. कोणतं वाक्य कोणी कधी बदललं, कशावरून वाद झाला, हे तारखेनिशी दिसतं. (चर्चा कधी रिकामीही असते, मग इतिहास पाहा.) समाजाचं मन कसं बदलत जातं हे मला तिथे लेखापेक्षा जास्त कळतं. राजकीय नेते, जात, भाषा अशा विषयांवर तर नक्की पाहा. नावं आणि तारखा मात्र मराठी विश्वकोशाशी किंवा जिल्हा गॅझेटियरशी (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाशी) ताडून घ्या. दोन्ही ऑनलाइन फुकट वाचता येतात. फोनवर ‘चर्चा’ सापडली नाही, तर ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडा.