वळवाआधी अर्थिंग बघा

वळीव सुरू झाला की रिवाइंडिंगवाल्याकडे जळक्या मोटारी यायला लागतात. त्यातल्या बऱ्याच वाचण्यासारख्या असतात.

वीज घरावरच पडायला पाहिजे असं नाही. लांबच्या तारेवर पडली तरी झटका तारेतून टीव्ही, फ्रिजपर्यंत येतो. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती जादा करंट आणि शॉर्टसर्किट तोडते; विजेचा झटका तिला कळायच्या आत पुढं गेलेला असतो. त्यासाठी मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवतात, पण तो जादा व्होल्टेज जमिनीत सोडतो. अर्थिंगच मेलेलं असेल तर त्याचा खर्च वाया.

आणि अर्थिंग मेलेलंच असतं! मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठाक, क्लॅम्प गंजलेला, तार हातानं हलते. खड्ड्यात पाणी सोडा आणि वायरमनकडून एकदा अर्थिंगचा ओहम (रोध) मोजून घ्या. कडबाकुट्टी आणि पत्र्याच्या गोठ्यालाही अर्थिंग हवं. जनावर ओल्या जमिनीवर उभं असतं.

ढग भरून आले की गडगडाट सुरू व्हायच्या आधीच टीव्ही, फ्रिज, राऊटरचे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिश आणि केबलची वायरही सोडवा. दामिनी अ‍ॅप आसपासच्या विजांचा इशारा देतं. इशारा आला की मोटर बंद करायला म्हणूनसुद्धा शिवारात जाऊ नका.

मोटारीचं दुखणं वेगळं. वादळात तीनपैकी एक फेज जातो, लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच आपला स्टार्टर ओढतो, मोटर नुसती गुणगुणते आणि कॉइल जळते. वळवाच्या दिवसांत ऑटो बंद ठेवा आणि एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा. स्टार्टरमधली जादा करंटला मोटर तोडणारी रिले सारखी ट्रिप होते म्हणून स्क्रू फिरवून आकडा वाढवणारे महाभाग गावोगाव आहेत; तो आकडा मोटारीच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरशी जुळला पाहिजे. फ्यूजमध्ये जाड तार घालणं हा त्याचाच भाऊ.

सगळ्यात घातक म्हणजे न्यूट्रल तुटणं. 230 च्या जागी घरात 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात. आपले बल्ब भगभगीत आणि शेजारचे मिणमिणते दिसले की आधी मेन स्विच पाडा, मग वीज कंपनीच्या 1912 ला फोन करा. लाईट आल्यावर फ्रिज पाचदहा मिनिटांनी लावा.