परसात मुंगूस यायला हवं असेल तर फांद्यांचा ढीग नीट रचा

परसात मुंगूस, खारी, चिचुंद्र्या नांदाव्यात असं वाटत असेल तर आधी हात आखडता घ्या. दाणे, शिळी पोळी, दूधभात, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. त्यावर घुशी जमतात. ब्रोमॅडिओलोनसारखं उंदरांचं औषध आणि चिकट पुठ्ठेही बंद. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्त फिरतो आणि नेमका मुंगसाच्या तोंडी पडतो. पुठ्ठ्याला चिचुंद्री हमखास चिकटते, कारण ती भिंतीच्या कडेकडेनंच पळते. ती उंदरांच्या जातीची नाही, झुरळं-किडे खाते. वास मारते, एवढं खरं.

प्राण्यांना ये-जा करायला कंपाउंडच्या भिंतीत जमिनीलगत ५ इंच चौरस भोक ठेवा. पावसाचं पाणी जायला केलेलं असेल तर त्याची जाळी काढली की काम झालं.

आता त्यांना लपायला फांद्यांचा ढीग. छाटलेल्या फांद्या कोपऱ्यात टाका, प्राणी आपोआप येतील, असं सांगणाऱ्यांनी तो ढीग पावसाळ्यानंतर पाहिलेला नसतो. चार सरींत तो खाली बसतो, आतली पोकळी जाते, मग वाळवी. घराला टेकून असेल तर तीच वाळवी दाराच्या चौकटीत शिरते.

म्हणून जागा घरापासून निदान १५ फूट लांब, पाणी न तुंबणारी. खाली विटा किंवा जांभ्याचे चिरे, वीतवीतभर अंतर सोडून. त्यावर मनगटाएवढ्या जाड फांद्या, दोन फांद्यांत मूठ जाईल एवढी फट ठेवून. पुढचा थर आडवा. लाकूड मातीला कुठंही टेकता कामा नये. ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट उंच पुरे. तळाशी समोरासमोर दोन तोंडं हवीतच, त्यातलं एक भिंतीच्या बाजूला. एकच तोंड ठेवलंत तर मांजर तिथं दबा धरून बसतं आणि आतल्याला पळायला वाट राहत नाही. वर बारीक काटक्या, पालापाचोळा. पावसाळ्यात झावळ्या नाहीतर जुनी मंगलोरी कौलं. प्लास्टिक मुळीच नको, आत दमट राहून बुरशी धरते.

साप येईल का? येऊ शकतो. १५ फूट त्यासाठीही आहेत. आत हात घालू नका, बॅटरी मारून डोकावू नका. होळीला पोरं लाकडं मागायला येतील, त्यांना हा ढीग द्यायचा नाही.

ढिगापाशी उकरलेल्या ताज्या मातीचा ढिगारा दिसला तर समजा घूस आली. ढीग मोडू नका, ओल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट लावा.

पाण्याला मातीची पसरट परळ, २ इंच खोल. पाणी रोज बदला, नाहीतर डास. उघड्या हौदात तिरकी फळी टाका, पडलेली खार चढून येते. खारींना घरट्यासाठी काथ्या टांगा, नायलॉनचा दोरा नको, पाय अडकतात. कोंबड्या असतील तर खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारेची जाळी) मारा. पिल्लू दिसलं तरी उचलून पाळायचं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं मुंगसाला संरक्षण आहे.

कोण येतंय ते कळायला भोकापाशी चाळलेली माती बोटभर पसरा. चार बोटांचे, नखं न उमटलेले ठसे दिसले तर मांजर. पाच बोटं आणि पुढं नखांचे टिंब असतील तर मुंगूस. मात्र ठसे रात्रीत पडले असतील तर उदमांजर, कारण मुंगूस दिवसा फिरतं.